एक्सरे चांगला आला म्हणजे पाय चांगला असं नाही

या पानावर एरवी खोडवा, पाचट, ठिबक, हुमणी एवढंच असतं. आजची नोंद वेगळी आहे आणि जरा लांब आहे. कारखाने सुरू झालेत, रस्त्यानं रात्रंदिवस डबल ट्रॉल्या पळतायत, आणि गेल्या हंगामात आमच्या चुलतभावाच्या पायाचं काय झालं होतं असं विचारणारे फोन परत सुरू झालेत. प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. मी डॉक्टर नाही. पण दवाखान्यात तीन आठवडे बसून होतो, डॉक्टरांना विचारून विचारून वहीत उतरवून घेतलंय. त्यातलं पक्कं तेवढंच खाली आहे.

विषय आहे मार लागल्यावर पायाची रक्तवाहिनी तुंबण्याचा. हाड मोडलेलं दिसतं, जखम दिसते, रक्त वाहताना दिसतं. ही गोष्ट दिसत नाही, म्हणून पाय जातो.

झालं असं. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला फडाच्या कडेला ट्रॉली जोडायचं काम चाललं होतं. भाऊ पिन टाकायला ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे उभा होता. ड्रायव्हर मागं घेत होता. रान ओलं होतं, चाक सरकलं आणि ट्रॅक्टर हातभर जास्त मागं आला. डावा पाय गुडघ्याच्या जरा खाली, समोरून हुकाच्या आणि मागून ट्रॉलीच्या दांड्याच्या मधे सापडला. नडगी गुडघ्यातून मागं ढकलली गेली. ड्रायव्हरनं गाडी लगेच पुढं घेतली, भावानं बोंब मारत पाय ओढून घेतला, तेव्हा कट् असा आवाज झाला आणि गुडघा परत जागेवर बसला. वरून बघाल तर बोटभर खरचटलेलं आणि गुडघा सुजायला लागलेला. बाकी काही नाही.

तात्या म्हणाले, "हाड मोडलेलं न्हाई. चला, तेल लावून बांधून आणू त्याला." आमच्याकडं हाडवैद्यावर लोकांचा विश्वास आहे, उगाच नाव ठेवत नाही, साध्या मुरगळीला उतार पडतोही. पण वहिनी हटल्या नाहीत. "तात्या, आधी एक्सरे काढू. मग तुम्ही म्हणाल तिथं जाऊ." साडेसहाला तालुक्याच्या एका दवाखान्यात पोचलो.

एक्सरे स्वच्छ आला. हाड शाबूत. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट गेलेलं दिसतंय, आज स्लॅब घालू, गोळ्या देतो, सूज उतरली की एमआरआय करा. आम्हाला हायसं वाटलं. स्लॅबच्या आधी सिस्टर पायाला कापूस गुंडाळत होत्या. त्यांनी गुंडाळता गुंडाळता उलटा हात एकदा डाव्या पावलावर ठेवला, एकदा उजव्या. परत तसंच केलं. मग म्हणाल्या, "सर, हा पाय गार लागतोय. आणि दादा, तुम्हाला अंगठ्याच्या सांध्यात हात लावलेला कळतोय का?" भाऊ म्हणाला, मुंग्या आल्यासारखं वाटतंय.

डॉक्टरांनी स्लॅब तिथंच थांबवला. स्वतः नाडी बघितली. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला असतं तसलं छोटं डॉपलर यंत्र मागवलं. उजव्या पावलावर घोड्याच्या टापांसारखा टप-टप आवाज. डाव्या पावलावर नुसती लांबून येणारी सू-सू. मग बीपीचा पट्टा दंडाला बांधून माप घेतलं, तोच घोट्याच्या वर बांधून घेतलं. दंडाला वरचा आकडा १२०, डाव्या घोट्याला ६०. साठ भागिले एकशेवीस, म्हणजे ०.५. हा आकडा ०.९ च्या खाली असला तर रक्तवाहिनीची तपासणी केल्याशिवाय पेशंटला घरी सोडायचं नसतं. डॉक्टर म्हणाले, "हे इथलं काम नाही. रक्तवाहिन्यांचा सर्जन असलेल्या ठिकाणीच न्या. मी फोन करतो. आता वाजलेत सव्वासात, तुमच्याकडं पावणेबारापर्यंत वेळ आहे असं धरून चाला."

त्या डॉक्टरांबद्दल आमच्या गावात बरंच बोललं गेलं, की एक्सरेवर भागवत होते म्हणून. मला तसं वाटत नाही. सिस्टरचं ऐकून एका मिनिटात स्वतःचा निर्णय फिरवला आणि पुढं फोन करून आम्ही पोचायच्या आधी सीटी मशीन मोकळं ठेवायला सांगितलं. असं करणारी माणसं कमी असतात.

ठिबकवाल्यांना तो ०.५ चा आकडा लगेच कळेल. सँड फिल्टरच्या आधी एक गेज, नंतर एक गेज. दोन्हींत फरक वाढला की आपण फिल्टर उघडतो, शेतातलं पीक वाळायची वाट बघत नाही. दंड म्हणजे आधीचं गेज, घोटा म्हणजे नंतरचं. मधे कुठंतरी चोकअप आहे एवढं त्यावरून कळतं, कुठं आहे ते कळत नाही.

कुठं आणि कसं, ते नंतर सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. मांडीतून येणारी मोठी रक्तवाहिनी गुडघ्याच्या मागच्या खळगीतून खाली उतरते आणि पोटरीत तिच्या तीन फांद्या होतात. खळगीच्या वर ती मांडीच्या स्नायूच्या एका फटीतून येते, खाली पोटरीच्या स्नायूच्या एका कमानीखालून जाते. दोन्हीकडं जखडलेली, मधे मोकळी. गुडघा निखळून हाड मागं गेलं की ती धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाते. रक्तवाहिनीला तीन थर असतात. बाहेरचा चिवट असतो, तो टिकतो. आतला नाजूक पापुद्रा फाटतो.

आता जुना सक्शन पाईप आठवा. बाहेरून अगदी नवा दिसतो, पण आतला थर सुटलेला असतो. मोटर चालू केली की तो पापुद्रा आत ओढला जातो आणि पाईप बंद. आपण फूटव्हॉल्व्ह काढतो, मोटर खोलतो, सगळं बघतो, शेवटी पाईप कापल्यावर कळतं. पायातही हेच होतं. फाटलेला पापुद्रा रक्ताच्या धारेनं उलगडतो, त्यावर रक्त गोठत जातं, आणि तासा-दोन तासांत वाट बंद. म्हणून बाहेर रक्ताचा थेंब नसतो, आणि म्हणूनच पहिल्या अर्ध्या तासात पाऊल गुलाबी दिसू शकतं, नाडीसुद्धा लागू शकते. नाडी लागली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, दर तासाला परत बघायचं. शेजारच्या बारीक फांद्यांतून थोडं रक्त खाली जात राहतं, त्यानं पाऊल काही वेळ रंग धरून राहतं आणि सगळ्यांना फसवतं. आमच्या भावाचा गुडघा तर निखळून आपोआप परत बसला होता. असे गुडघे एक्सरेत निखळलेले दिसतच नाहीत. डॉक्टरला कळणार ते आपण सांगितलं तरच. म्हणून कट् आवाज आला, पाय वाकडा झाला होता, मग सरळ झाला, हे सगळं न विसरता सांगायचं. पेशंट कळवळत असतो, त्याला ते आठवत नाही, बरोबरच्यानं सांगायचं.

तासांचा हिशेब असा. रक्त पूर्ण तुटलं तर पायाचे स्नायू साधारण सहा तास तग धरतात. शिरांचे तंतू त्याच्याही आधी बोलायला लागतात, म्हणून मुंग्या आणि बधिरपणा लवकर येतो. सहा तास म्हणजे काही फाटकाला कुलूप नव्हे, कुणाचा पाय आठ तासांनी वाचतो तर कुणाचा पाचाला जातो, आजूबाजूच्या फांद्या किती शाबूत आहेत त्यावर आहे. पण धरून चालायचं सहाच, आणि ते मार लागल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. आमच्याकडं सहातला पहिला दीड तास तालुक्यालाच संपला होता.

१०८ ची गाडी वीस मिनिटांत आली. नऊला जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलो. जिथं नाडी अजिबात लागत नाही, पाऊल पांढरं-गार आहे, किंवा रक्त उडतंय, तिथं सर्जन तपासणीत वेळ न घालवता थेट ऑपरेशनला घेतात. भावाचं थोडं रक्त जात होतं म्हणून आधी सीटी अँजिओ केलं. शिरेतून रंग सोडून फोटो काढतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. पडद्यावर मांडीतली पांढरी रेघ गुडघ्यामागं आली आणि चाकूनं कापल्यासारखी थांबली. खाली चार बोटांवर परत बारीक रेघ. ते चित्र बघितल्यावर तात्या खाली बसले.

ऑपरेशनमधे काय करतात ते सांगतो, कारण लोकांना वाटतं बायपास फक्त छातीत होतो. आधी तात्पुरती प्लास्टिकची नळी टाकून खाली रक्त सुरू केलं. अकरा वाजून गेले होते, म्हणजे साडेपाच तास. मग गुडघा हलू नये म्हणून बाहेरून सळया लावून बांधला. टोकाला फुगा असलेली बारीक नळी खाली सरकवून गोठलेलं रक्त ओढून काढलं. फाटलेला तुकडा कापून टाकला आणि त्या जागी दुसऱ्या, म्हणजे उजव्या पायाची वरवरची शीर काढून जोडली. दुसऱ्या पायाची का, तर मार लागलेल्या पायाच्या आतल्या शिराही दुखावलेल्या असू शकतात, त्यातलं परत फिरणारं रक्त वरच्या शिरेवरच अवलंबून असतं, ती काढून चालत नाही. आणि एक गंमत बघा. शिरेत रक्त खालून वर हृदयाकडं जातं, त्यासाठी आत जागोजागी झडपा असतात, आपल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारख्या. ती शीर वरून खाली रक्त न्यायला वापरायची तर उलटी फिरवून जोडावी लागते, नाहीतर झडपाच रक्त अडवतात. बेचाळीस वर्षं पाईपलाईन टाकणाऱ्या तात्यांना हे ऐकून डॉक्टरांबद्दल जो आदर वाटला तो आजवर कुणाबद्दल वाटलेला मी बघितला नाही.

एवढ्यावर काम संपत नाही. बरेच तास उपाशी राहिलेल्या स्नायूत एकदम रक्त आलं की तो फुगतो. पोटरीचे स्नायू चार कप्प्यांत असतात आणि कप्प्याची पिशवी ताणत नाही. आत दाब वाढला की नव्यानं आलेलं रक्त परत बंद. म्हणून पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन ते कप्पे उघडतात आणि जखम तशीच उघडी ठेवतात. सकाळी वहिनींनी ते बघितलं आणि हंबरडा फोडला, की बरा करायला आणला होता का फाडायला. कुणीतरी आधी समजावून सांगायला हवं होतं. त्या चिरा पाय वाचवण्यासाठी असतात. आठ-दहा दिवसांनी थोडी शिवली, उरलेल्या जागेवर मांडीची कातडी लावली. त्या दिवसांत लघवीच्या पिशवीचा रंग दर तासाला बघत होते. मेलेल्या स्नायूतलं विष रक्तात उतरलं की लघवी काळ्या चहासारखी होते आणि किडनीवर ताण येतो. भावाची पहिल्या दिवशी झाली होती, सलाईनवर उतरली.

हे सगळं शक्य झालं त्याला फार वर्षं झालेली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकाच्या हातापायाची मोठी रक्तवाहिनी फुटली की बहुतेकदा ती बांधून टाकत. डिबेकी आणि सिमिऑन या अमेरिकन सर्जननी १९४६ मध्ये अशा २,४७१ रक्तवाहिन्यांच्या जखमांचा हिशेब मांडला. बांधून टाकलेल्यांत निम्म्यांच्या आसपास लोकांचा अवयव कापावा लागला होता. गुडघ्यामागच्या वाहिनीचा आकडा तर शंभरात ७३. मग कोरियाच्या युद्धात, १९५० ते ५३, बांधण्याऐवजी जोडायला सुरुवात झाली, आणि अवयव कापायचं प्रमाण शंभरात १३ च्या आसपास आलं. शीर वापरून रक्तवाहिनी जोडायची विद्या त्याआधी चाळीस वर्षं माहीत होती, अलेक्सिस कॅरेलला १९१२ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. फरक पाडला तो हेलिकॉप्टरनं जखमीला काही तासांत सर्जनपुढं नेण्यानं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विद्या तालुक्यापासून सत्तर किलोमीटरवर आजही आहे. प्रश्न मधल्या तासांचाच आहे.

तर रानात काय बघायचं. गुडघा, मांडी किंवा पोटरी चेंगरली, ट्रॅक्टर अंगावर कलंडला, मोटारसायकलवरून गुडघ्यावर आदळला, उंचावरून उतरताना पाय मुडपला, अशा प्रत्येक वेळी दोन्ही पायांतल्या चपला-मोजे काढा. दोन्ही पावलं शेजारी ठेवून उलट्या हातानं तपासा. एक गार आहे का, पांढरट किंवा निळसर आहे का. अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत लाली परत यायला हवी. अंगठा वर-खाली करायला सांगा. हात लावलेला कळतो का विचारा. नाडी दोन ठिकाणी लागते, पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध, आणि आतल्या घोट्याच्या मागं. काहींना पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून चांगल्या पायाशी ताडून बघायचं. आत्ता हे वाचताना स्वतःच्या पायावर शोधून ठेवा, अपघाताच्या वेळी पहिल्यांदा शोधायला गेलात तर सापडणार नाही. आणि दुखणं माराच्या मानानं फार जास्त असेल, बोटं नुसती वर ताणली तरी पोटरीत कळ जात असेल, गोळी-इंजेक्शननं दबत नसेल, तर ते कप्प्यात दाब वाढल्याचं लक्षण. पायाला प्लास्टर असेल तर ते लगेच सोडवून घ्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

चोळायचं नाही. गार लागतोय म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा शेक द्यायचा नाही, बधिर पाय भाजतो आणि उपाशी स्नायूची भूक वाढते. बर्फही लावायचा नाही. मुरगळीला पाय उशीवर उंच ठेवतो तसा ठेवायचा नाही, छातीच्या पातळीलाच राहू द्यायचा, वर रक्त चढायलाच जोर नाही तर उंच करून उपयोग काय. घट्ट पट्टी नको. पाय सापडला तसा फळीला किंवा उसाच्या दोन कांड्यांना सैल बांधून हलू न देता न्यायचा. चहा-पाणी, जेवण काही देऊ नका, लगेच भूल द्यावी लागू शकते. रक्त उडत असेल तर स्वच्छ कापडानं जखमेवरच जोरात दाबून धरा. दाबूनही थांबत नसेल तरच वरच्या बाजूला रुंद कापड आवळा, आणि आवळल्याची वेळ पेननं कपाळावर किंवा हातावर लिहा. सुतळी, तार असलं काही वापरू नका.

दवाखान्यात एकच विचारा: पावलाला रक्त पोचतंय का, डॉपलर लावून बघता का. आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन कुठं आहे ते फोन करून मग गाडी हलवा. जवळच्या मोठ्या दवाखान्यात गेलो आणि तिथून परत दुसरीकडं पाठवलं, यात दोन तास जातात, ते परत मिळत नाहीत. महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्राला लगेच गाठा, कागद मागून येत राहतात, ऑपरेशन कागदासाठी थांबवू नका. शेतकरी अपघाताच्या गोपीनाथ मुंडे योजनेत एक पाय कायमचा गेला तर १ लाख मिळतात. त्या पैशात चांगला कृत्रिम पायही जेमतेम येतो.

अजून एक प्रकार आहे, तो रानात दोन-तीन जणांत बघितल्यासारखा वाटतो. गुडघ्याला कधीकाळी मोठा मार लागलेला, त्या वेळी निभावलं, पण आता चार-पाच सऱ्या चालल्या की पोटरी भरून येते, उभं राहिलं की दोन मिनिटांत उतरते, परत तेवढंच चाललं की परत तेच. हे कमरेच्या शिरेचं दुखणं म्हणून औषधं खात बसतात. कमरेचं दुखणं नुसतं उभं राहून सहसा उतरत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. अशा माणसानं घोट्याचं आणि दंडाचं माप एकदा घेऊन यावं. दहा मिनिटांचं काम आहे. बिडी-तंबाखूवाल्यांनी तर नक्कीच.

भावाला आता अकरा महिने झाले. पायात रक्त चांगलं आहे, मागच्या डॉपलरला माप ०.९ च्या वर आलं. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे, तंबाखू सुटली, म्हणजे वहिनींनी सोडवली. पण गुडघ्याच्या बाहेरून जाणारी नस त्याच वेळी ताणली गेली होती. त्यामुळं पाऊल पूर्ण वर उचलत नाही, चालताना बोटं ढेकळाला अडतात. बुटात प्लास्टिकची पट्टी घालून चालतो. दारं धरतो, ठिबकचं सगळं बघतो. ट्रॅक्टरवर अजून बसवत नाही, क्लच दाबला जातो पण पाय पटकन मागं येत नाही. लिगामेंटचं ऑपरेशन उन्हाळ्यात करायचं म्हणालेत.

आणि आमच्याकडं आता ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर आधी पूर्ण थांबतो, न्यूट्रल होतो, हँडब्रेक लागतो, मग माणूस मधे जातो. उरलेलं वीतभर अंतर जॅकनं दांडा सरकवून भरायचं. दोन मिनिटं जास्त लागतात, ड्रायव्हर कुरकुरतो.

पुढची नोंद खोडव्यातल्या पाचटाची, रविवारी टाकतो.